गीझर बदलायचा, तर पैसे कुठे घालायचे?

गीझर बंद पडला की घरातून पहिला फोन दुकानात जातो. तो फिटरकडे जायला हवा. पाणी तापायचं थांबलं म्हणजे गीझर संपला असं नसतं. पुष्कळदा टाकी धडधाकट असते आणि आतला एखादा भाग गेलेला असतो.

आत काय असतं ते एकदा पाहू. बाहेरचं आवरण, त्याखाली उष्णता धरून ठेवणारा फोमचा थर आणि त्याच्या आत टाकी. टाकीच्या बुडाला बोल्टांनी बसवलेली एक चकती असते. पाणी तापवणारी कॉइल तिच्यावर बसते, थर्मोस्टॅटची नळी तिथूनच आत जाते आणि बहुतेक गीझरांत मॅग्नेशियमचा दांडाही तिथेच असतो. शिवाय थर्मोस्टॅट अडकून बसला तर वीज तोडणारा थर्मल कटआउट असतो. दिवा लागतो पण पाणी थंडच, तर बहुधा कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेलेला असतो. बटण दाबताच एमसीबी किंवा ईएलसीबी पडत असेल, तर कॉइलचं आवरण फुटून वीज पाण्यात आणि अर्थिंगमध्ये उतरते आहे असा संशय घ्यावा, आणि पुन्हा पुन्हा बटण वर करून पाहू नये. या दुरुस्त्या मजुरीसह साधारण १,००० ते २,००० रुपयांत होतात. गीझर पाच-सहा वर्षांच्या आतला असेल, तर त्या करून घ्याव्यात.

टाकी गळू लागली तर मात्र विषय संपतो. आवरणाच्या बुडातून तांबूस पाणी ठिबकतं. ते चकतीखालच्या रबरी गॅस्केटमधून येत नाही ना, एवढं आधी बघून घ्यावं, कारण गॅस्केट स्वस्तात बदलता येतं. टाकीच सडली असेल तर डाग मारून घेण्यात अर्थ नाही. आतला काचेचा किंवा पॉलिमरचा लेप एकदा उडाला की आज इथे, उद्या तिथे गळत राहतं.

नवा घ्यायचा तर किती लिटरचा? १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं आणि नळाच्या २५ अंशांच्या पाण्यात मिसळलं, तर अंघोळीजोगं ४० अंशांचं पाणी हिशेबाने ३५ लिटरच्या आसपास होतं, म्हणजे दोन बादल्या. थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर आलं की तेच २८-२९ लिटरवर येतं. बादलीने अंघोळ करणाऱ्या दोघा-तिघांच्या घराला १५ लिटर पुरतात. शॉवर असेल किंवा सकाळी सगळ्यांची एकदमच घाई असेल, तर २५ घ्यावा. १५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट लागतं आणि २ किलोवॅटच्या कॉइलला १८ ते २० मिनिटं. २५ लिटरला एक युनिट आणि अर्धा तास. युनिटला १० रुपये धरले, तर एकदा टाकी तापवणं अनुक्रमे सहा आणि दहा रुपयांना पडतं.

स्टार लेबलबद्दल दुकानात फार बोललं जातं. तापवून ठेवलेलं पाणी २४ तासांत किती उष्णता गमावतं, त्यावरून हे तारे ठरतात. ज्या घरात गीझर सकाळी अर्धा तास लावून बंद केला जातो, तिथे चार आणि पाच ताऱ्यांतल्या फरकाने बिल फारसं हलत नाही. ज्यांच्याकडे गीझर तासन्‌तास चालू असतो, त्यांनी पाच तारेच घ्यावेत. उंच इमारतीत मात्र टाकी किती दाबाची आहे ते ताऱ्यांच्याही आधी बघावं. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली पाण्याचा दाब सुमारे एक बारने वाढतो. तळमजल्याजवळ राहणाऱ्यांनी आणि घरात प्रेशर पंप असलेल्यांनी ८ बारचा गीझर घ्यावा.

स्वस्त पडतो म्हणून गॅस गीझरकडे वळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तो बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. त्याच्या ज्योतीतून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो.

आता खर्चाकडे येऊ. १५ लिटरचा चांगला गीझर ६,००० ते १०,००० रुपयांना मिळतो, २५ लिटरचा ८,००० ते १४,००० ला. बसवण्याची मजुरी ४०० ते ८००. जोडपाइप बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात, दोन मिळून ३०० ते ६००. जुने अँगल कॉक घट्ट झालेले असतील तर तेही याच वेळी बदलावेत, नाहीतर पुढच्या दुरुस्तीला सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागतं. शहर आणि दुकान बदललं की हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. जुना गीझर भंगारात देऊन थोडेफार पैसे परत मिळतात. इथपर्यंतचा हिशेब बहुतेक लोक करतात आणि इथेच थांबतात.

खरं लक्ष द्यायला हवं ते भिंतीतल्या वायरकडे. २ किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो, ३ किलोवॅटचा इन्स्टंट १३. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट, मुख्य बोर्डापासून थेट आलेली किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. ३ किलोवॅटच्या लांब वायरीला ४ चौरस मिलिमीटर बरी. जुन्या इमारतींत साठवणीचा गीझर काढून त्याच बारीक वायरीवर ३ किलोवॅटचा इन्स्टंट लावला जातो आणि काही महिन्यांत प्लगची पिन काळी पडते. ती काळी पिन म्हणजे आगीची पूर्वसूचना असते. अर्थिंगचंही तसंच. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून अर्थिंग आहे असं समजू नये. इलेक्ट्रिशियनकडून ते मीटर लावून तपासून घ्यावं. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्यावा. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या माणसाला वाचवायची वेळ आली तर हीच गोष्ट उपयोगी पडते. आरसीसीबीला १,५०० ते २,५००, पट्टीतून नवी वायर ओढायला अंतरानुसार १,५०० ते ४,०००. पैसे कमी पडत असतील तर गीझरचं साधं मॉडेल घ्या, पण ही दोन कामं सोडू नका.

बसवताना फिटरशेजारी उभं राहावं. भरलेल्या २५ लिटर गीझरचं वजन ३५ किलोच्या वर जातं, त्यामुळे सिपोरेक्सच्या भिंतीत साधे खिळे-गट्टू चालत नाहीत, त्या भिंतीचे लांब फास्टनर लागतात. गार पाण्याच्या तोंडावर सेफ्टी व्हॉल्व्ह बसतो. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की वाटीभराने फुगतं आणि तेवढं पाणी या व्हॉल्व्हमधून ठिबकू शकतं. ठिबकतंय म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारणारे फिटर भेटतात. त्यांना तिथेच थांबवा. ठिबकणारं पाणी बारीक नळीने मोरीत सोडावं. गरम पाण्याच्या बाजूला साधा पीव्हीसी पाइप नको, तो मऊ पडतो. तिथे सीपीव्हीसीच हवा.

सगळं जोडून झालं की आधी गरम पाण्याचा नळ उघडून अखंड धार येईपर्यंत टाकी भरू द्यावी, मगच बटण दाबावं. कोरडी कॉइल काही क्षणांत जळते आणि वॉरंटीत बसत नाही. थर्मोस्टॅट ५५-६० अंशांवर ठेवावा. त्याहून गरम पाण्यात क्षार झपाट्याने साचतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांच्या कॉइलवर तर एका वर्षात पांढरा जाड थर चढतो.

आणि तो मॅग्नेशियमचा दांडा. टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजत जाणं हेच त्याचं काम. तो संपला की गंज टाकीकडे वळतो. जड पाणी असेल तिथे दर वर्षी, एरवी दोन वर्षांनी चकती उघडून क्षार काढावा आणि दांडा बोटाएवढा जाड उरला नसेल तर बदलावा. दांड्याची किंमत काही शे रुपये. सर्व्हिसिंगला आलेला माणूस बरेचदा बाहेरूनच बघून बिल लिहितो. त्याला चकती उघडायला सांगा आणि जुना दांडा हातात मागून घ्या.