आयएमईआय बिघडतो तेव्हा

मोबाइलवर *#०६# दाबले की दिसणारा पंधरा आकडी क्रमांक म्हणजे आयएमईआय. पहिल्या आठ आकड्यांवरून मॉडेल कळते, पुढचे सहा त्या एका हँडसेटचे असतात. शेवटचा आकडा आधीच्या चौदांवरून गणिताने निघतो, म्हणून लिहिताना एखादा आकडा चुकला तर ते लगेच ध्यानात येते.

सिम बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. तो फोनच्या मेमरीतल्या राखीव भागात असतो; सॅमसंगमध्ये त्या भागाला ईएफएस म्हणतात, मीडियाटेक चिपच्या फोनमध्ये एनव्हीरॅम. सुरतचे लिंबायत असो की नंदुरबारचा बाजार, हँग होणाऱ्या फोनवर ‘सॉफ्टवेअर मारून’ घेण्याची रीत आहे. चुकीची फाइल पडली किंवा सगळीच मेमरी पुसली गेली, तर हा भागही जातो. मग वायफाय चालते, पण रेंज येत नाही. क्रमांकाच्या जागी ‘नल’ दिसते. जुन्या सॅमसंगमध्ये बरेचदा ००४९९९०१०६४००००. गंमत म्हणजे पडताळणीच्या गणितात हा क्रमांक बिनचूक उतरतो, आणि बिघडलेल्या असंख्य फोनांवर तोच असतो.

दुरुस्ती म्हणजे त्याच फोनचा मूळ क्रमांक परत बसवणे. आधी घेतलेला बॅकअप असेल तर काम सोपे. अडचण अशी की दुरुस्तीच्याच साधनांनी चोरीच्या फोनला परका क्रमांकही देता येतो. २००९ मध्ये सरकारने आयएमईआय नसलेल्या फोनांची सेवा बंद करायला लावली, तेव्हा स्वस्त चिनी फोनवाल्यांना १९९ रुपयांत अधिकृत क्रमांक बसवून मिळत होता. आता तशी मोकळीक नाही. २०१७ च्या नियमांनी उत्पादकाखेरीज कोणी हेतुपुरस्सर क्रमांक बदलणे बेकायदा ठरवले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. चोरीचे फोन याच क्रमांकावरून बंद करणारी सीईआयआर यंत्रणा २०१९ मध्ये महाराष्ट्रात प्रयोग म्हणून आली आणि मे २०२३ पासून देशभर लागू झाली.

म्हणून बिघडलेला फोन बिल आणि खोक्यासह कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेणेच शहाणपणाचे. दुकानदाराने ‘दुसरा नंबर टाकून देतो’ म्हटले तर फोन परत घ्यावा. सर्व्हिस सेंटरने मदरबोर्डच बदलला तर क्रमांकही बहुधा नवा येतो. तो जॉबशीटवर लिहून घ्यावा, नाहीतर पुढे चोरीची तक्रार देताना खोक्यावरचा क्रमांक जुळत नाही.