तिवई भक्कम, तरच मोजणी अचूक

घाटकोपरची सिद्धिसाई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. जुन्या इमारतीचा कल किंवा भिंतीचा फुगवटा मोजण्यास लेसर स्कॅनर उपयुक्त ठरतो. मात्र त्याची अचूकता ट्रायपॉडवर, म्हणजेच तिवईवरही अवलंबून असते. तिवईला पीळ पडून यंत्र अंशाच्या साठाव्या भागाइतके वळले, तरी ३० मीटरवरील बिंदू सुमारे ९ मिलिमीटरने सरकतो.

अ‍ॅल्युमिनियमची तिवई हलकी. पण उन्हात प्रसरण पावणारी. कार्बन फायबरची हलकी आणि ताठ, जिने चढताना सोयीची, मात्र महाग. लाकडी तिवई जड असली, तरी उष्णतेने फारशी बदलत नाही आणि कंपनेही शोषून घेते. त्यामुळे वर्दळीच्या रस्त्यालगत तीच श्रेयस्कर. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र तिचा रंगलेप शाबूत असावा. अन्यथा लाकूड ओल धरते.