बदकं उडवावी लागत नाहीत

‘दादा, जरा अंगावर घ्या ना बोट, उडू देत की!’ थंडीतल्या कुठल्याही रविवारी भिगवणला उजनीच्या फुगवट्यात हे वाक्य कानावर पडतं. मग टाळ्या होतात, शिट्ट्या होतात. बोटवाला आधी नको म्हणतो, पण गिऱ्हाईक नाराज होऊन कसं चालेल? इंजिनाचा आवाज वाढतो, विसावलेला थवा धडपडत पाण्यावरून उठतो आणि बोटीतले सगळे कॅमेरे एकदम वाजू लागतात. नांदूर मध्यमेश्वरला बोट नसते तेव्हा काठावरून खडे पडतात. कुणी हटकलं, तर उत्तर तयार असतं: उडवल्याशिवाय उडतानाचा फोटो मिळतच नाही. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं: पाखरंच ती, उडली तर त्यांचं काय जातं?

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. पक्ष्यांची काळजी नसलेल्या माणसालाही चांगल्या फोटोची हाव असतेच, म्हणून आधी फोटोचं बोलू.

घाबरलेलं बदक धोक्यापासून लांब जातं, आणि इथे धोका म्हणजे तुम्ही. त्यामुळे उडवलेल्या थव्याचे फोटो पाहिले तर त्यात शेपट्या असतात, पाठी असतात, उडालेलं पाणी असतं. डोळा आणि चोच क्वचितच सापडते. अशा फोटोंनी कार्डं भरतात आणि घरी गेल्यावर निम्म्याहून जास्त पुसली जातात. स्वतःच्या मर्जीने येणारं बदक तुमच्या दिशेने येऊ शकतं, आणि ते कोणत्या दिशेने येईल हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. कारण बदकं वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उठतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करूनच उतरतात. समोरच्या वाऱ्यात पंखांना उचल मिळते आणि पाण्याच्या तुलनेत वेग कमी ठेवता येतो. विमानं याच कारणासाठी वाऱ्याकडे तोंड करून उतरवतात.

याचा उपयोग साधा आहे. वारा पाठीवर घेऊन बसा, म्हणजे उतरणारी बदकं तुमच्याकडे तोंड करून येतील: पंख फाकलेले, शेपूट पसरलेली, पाय पुढे काढलेले. दख्खनच्या पठारावर थंडीत सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो, आणि सूर्यही त्याच बाजूने वर येतो. पूर्वेकडे पाठ करून बसलेल्याला वारा आणि ऊन दोन्ही एकाच वेळी साधतात; पक्ष्याच्या थेट चेहऱ्यावर उजेड पडतो. उतरताना त्याचा वेगही घटलेला असतो, त्यामुळे फोकसला वेळ मिळतो. इतकं सगळं फुकट मिळत असताना त्याच्या मागे बोट कशाला पळवायची?

‘पण ती दिवसभर बसूनच असतात, कधी उडणार?’ बसलेली दिसतात, कारण आपण नको त्या वेळी जातो. हिवाळ्यात अनेक जातींची बदकं मुख्यतः रात्री चरतात आणि दिवसा मोकळ्या पाण्यावर झोपतात, पिसं साफ करतात. फ्रान्समधल्या कामार्ग पाणथळीत आलँ तामिसिये यांनी वर्षानुवर्षं बदकांच्या दिवस-रात्रीचा अभ्यास केला आणि दिवसाची विसाव्याची जागा वेगळी, रात्रीची चरण्याची जागा वेगळी, ही घडी नीट मांडली. म्हणजे या दोन जागांमध्ये रोज दोनदा ये-जा होते: सूर्यास्तानंतर जाणं आणि पहाटे परतणं. उजेड फुटायच्या आधी काठावर गपचूप बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून थवे आपणहून येतात. सकाळी दहाला नाश्ता करून बोटीत बसणाऱ्याला हे दिसणार कसं?

दिवसाही बदक उठण्याआधी सांगून उठतं. मान ताठ होते, डोकं वर-खाली किंवा झटक्याने हलू लागतं, अंग वाऱ्याकडे वळतं, ती हालचाल शेजाऱ्यांमध्ये पसरते. हे दिसलं की कॅमेरा डोळ्याला लावायचा. थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू ही उथळ पाण्यात चरणारी बदकं पाण्यावरून जवळजवळ सरळ वर उसळतात, म्हणून चौकटीत वरच्या बाजूला जागा सोडावी. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतात आणि मग उचलतात. त्यांच्यासाठी जागा पुढच्या बाजूला हवी. एवढं पाठ असलं की खडा मारायची गरज उरत नाही.

आता ‘त्यांचं काय जातं’ याकडे. पंख मारत उडताना बदकाला विसाव्यातल्या खर्चाच्या दहापटीहून जास्त ऊर्जा लागते, आणि त्यातही पाण्यावरून उठणं सर्वांत महाग. एका बोटीने एकदा उडवलं तर भरून निघेल. पण रविवारी एकामागून एक बोटी येतात, प्रत्येकीला स्वतःचा फोटो हवा असतो, आणि तोच थवा पुन्हा पुन्हा उठतो. झोप गेली, अंगावरची चरबी गेली. ही चरबी म्हणजे परतीच्या प्रवासाची शिदोरी आहे. चक्रवाकांना यंत्रं बसवून घेतलेल्या नोंदी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या; त्यात हिमालय ओलांडताना हा पक्षी ६,८०० मीटर उंचीपर्यंत गेलेला आढळला. असं बदक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघण्याच्या तयारीत असताना त्याला गंमत म्हणून उडवणं मला क्रूर वाटतं. डेन्मार्कमध्ये येस्पर मॅडसेन यांनी काही पाणथळींमध्ये शिकारीपासून मुक्त आसरे आखून प्रयोग केला. १९९८ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तिथे बदकांची संख्या वाढली आणि ती जास्त दिवस थांबू लागली. फोटोवाल्यांनाही हेच तर हवं असतं!

कायद्याबद्दल शंका असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडून पाहावा. कलम २(१६) मधल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं आहेच, शिवाय वन्यप्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणंही आहे. कलम २७(४) अभयारण्यात प्राण्यांना छेडायला मनाई करतं. कायद्याच्या लेखी पक्षी हाही प्राणीच आहे, आणि नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही.

उरलेले समज थोडक्यात. ‘१/५०० शटर पुरतं’: ताशी ७२ किलोमीटरने जाणारं बदक सेकंदाला २० मीटर जातं, म्हणजे १/५०० मध्ये ४ सेंटिमीटर आणि १/२००० मध्ये १ सेंटिमीटर. पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवून अंग स्थिर मिळतं, पंखांची टोकं मिळत नाहीत. ती हवी असतील तर १/२००० च्या खाली येऊ नये. ‘आयएसओ वाढवला की फोटो गेला’: दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा दुरुस्त होत नाही. ‘कॅमेरा उजेडाचं पाहून घेतो’: उजळ आकाशापुढे तो फसतो आणि बदक काळं येतं, म्हणून एक्स्पोजर हाताने वाढवावं लागतं. ‘६०० मिलिमीटरशिवाय जमत नाही’: पहाटे योग्य काठावर बसलेल्याचं ४०० मध्ये भागतं, शिवाय जड लेन्स फिरवताना बदक चौकटीबाहेर जातं ते वेगळंच.

ड्रोनचं थोडं वेगळं आहे, कारण तिथे संशोधनाचाच दाखला दिला जातो. फ्रान्समधल्या २०१५ च्या एका प्रयोगात बदकं, रोहित आणि हिरव्या पायांचे टिलवे यांच्यापाशी ड्रोन नेले, आणि ८० टक्के वेळा ४ मीटरपर्यंत जाऊनही पक्ष्यांचं वागणं बदललं नाही. एवढंच वाचून लोक थांबतात. थेट वरून उतरणाऱ्या ड्रोनला पक्ष्यांनी सर्वांत जास्त प्रतिक्रिया दिली, हेही त्याच निबंधात आहे. ड्रोन १०० मीटरहून लांबून सोडावा आणि वरून खाली आणू नये, अशी शिफारस त्याच लेखकांनी केली आहे. पक्षी हलला नाही म्हणून त्याला ताण आला नाही, असा अर्थ ते काढत नाहीत.

भिगवणला जाणारच असाल, तर बोट ठरवतानाच बोटवाल्या दादांना सांगा: उजाडायच्या आधी निघू, वाऱ्याच्या बाजूला थांबू, इंजिन बंद ठेवू. उडवायचं नाही म्हटलं की त्यांच्यापैकी बहुतेकांना बरंच वाटतं. थवा कोणत्या बाजूने परततो, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट ठाऊक असतं.