पवनारच्या खापरावरची काळी रेघ

पवनार म्हटलं की धाम नदी आठवते, १९३८ साली तिथे राहायला आलेले विनोबा आठवतात आणि आश्रमाच्या जमिनीत खणताना सापडलेल्या वाकाटककालीन मूर्ती आठवतात. भरतभेटीचं शिल्प पाहायला माणसं आजही लांबून येतात. पण त्याच गावाच्या पांढरीत, मूर्तींच्या कितीतरी शतकं आधीच्या थरांत, रंगवलेल्या मडक्यांचे तुकडे पडून होते. ते फारसं कुणी पाहत नाही. खरं तर विदर्भाच्या आठवणीत त्यांचं स्थान मूर्तींइतकंच मोलाचं आहे.

ही गोष्ट सुरू होते १८६७ साली, आणि तीही नागपूरजवळ. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती मांडलेली दगडांची वर्तुळं, उकरली. लोखंडी हत्यारं निघाली, मातीची भांडी निघाली. मेलेल्यांचं सामान हाती आलं. ती माणसं राहत कुठे होती, पाणी कशात भरत होती, हे मात्र अंधारातच राहिलं.

बरोबर शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये, नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांचा अहवाल पुढच्याच वर्षी छापून आला. वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मांडलं होतं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष राजधानीकडे होतं. खालच्या थरांनी वेगळंच दिलं: आतून काळी, बाहेरून तांबडी भांडी आणि तांबड्या अंगावर काळ्या रंगाने ओढलेल्या साध्या रेघा. ना देव, ना राजा. चार फटकाऱ्यांत संपणारी नक्षी, पण रोजच्या वापरातल्या मडक्यावर कुणीतरी सवडीने काढलेली.

इसवी सनापूर्वीच्या त्याच पहिल्या सहस्रकात ग्रीसमध्ये अथेन्सचे कारागीर पाण्याच्या घागरी रंगवत होते. त्या घागरीला, हायड्रियाला, तीन कान: दोन आडवे उचलायला, एक उभा ओतायला. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर पाणवठ्यावर जमलेल्या बायकाच चितारलेल्या दिसतात. पाण्याच्या भांड्यावर पाणी भरणाऱ्यांचं चित्र! विदर्भाच्या कुंभाराने माणूस काढला नाही. पण विद्या दोघांची एकाच जातीची. मातीत लोह असतं. भट्टीत वारा खेळला की ते तांबडं होतं, कोंडलं की काळं. विदर्भातली काळी-तांबडी भांडी पालथी घालून भाजत असावेत, असं अभ्यासक मानतात. झाकलेली आतली बाजू काळी राही, उघडी बाहेरची तांबडी.

पवनारनंतर लगेचच, १९६८-६९ मध्ये, शां. भा. देवांनी बुटीबोरीजवळ टाकळघाट-खापा खणलं. टाकळघाटला वस्ती, खाप्याला शिळावर्तुळं. भांडी जुळवून पाहिली, तेव्हा जगणाऱ्यांची गाडगी आणि पुरलेल्यांसोबत ठेवलेली गाडगी एकाच घराण्याची निघाली. टाकळघाटच्या वस्तीतही काळ्या रेघांची तांबडी खापरं होती, पवनारसारखीच. जुनापाणीच्या वर्तुळांनी शंभर वर्षं अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाला आता गाव मिळालं होतं, घर मिळालं होतं, आणि त्या घरातलं मडकंही.