मोबाइल हातात आहे, आता प्रयोगही हातात घ्या!

शाळेत विज्ञान शिकवले जाते, हे खरे. पण प्रयोग किती मुलांच्या हातून होतो, हा आमचा सवाल आहे. आमच्या वस्त्यांतील मुले ज्या शाळांत जातात, तेथे प्रयोगाचे साहित्य बहुधा कपाटात कुलूपबंद असते. गुरुजी एकदा टेबलावर प्रयोग करून दाखवतात, तो पुढच्या दोन बाकांना दिसतो, आणि मागची मुले गाईडमधले 'निरीक्षण' व 'अनुमान' जर्नलमध्ये उतरवून काढतात. निरीक्षण न करताच अनुमान! हे विज्ञान नव्हे, ही पोथी झाली.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या. तेव्हा अनेक मजूर आईबापांनी उसनवारी करून पोरांसाठी मोबाइल घेतला. त्यावर मुले दुसऱ्यांनी केलेले प्रयोग पाहू लागली. म्हणजे पूर्वी मागच्या बाकावरचा प्रेक्षक होता, तो आता पडद्यापुढचा प्रेक्षक झाला. आम्ही म्हणतो, याच मोबाइलचा कॅमेरा आपल्या वर्गातील प्रयोगाकडे वळवा.

एक साधे उदाहरण घेऊ. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात वर चढते. यावर ठरलेले उत्तर असे की, ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली; म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश. वर्षानुवर्षे हे घोकले गेले. आता हाच प्रयोग मुलांनी चित्रित करावा. पाण्यात थोडा रंग टाकावा, ग्लासावर सेंटिमीटरची कागदी पट्टी चिकटवावी, मोबाइल विटांच्या आधाराने पक्का ठेवावा. एका सेकंदाला साधारण ३० चित्रे टिपली जातात. ती एकेक करून थांबवून पाहिली की दिसते : ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही, ते झपाट्याने चढते ज्योत विझल्यावर. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडेही निसटताना दिसतात. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अधिक चढते, मग काय ग्लासातला ऑक्सिजन तिप्पट झाला? नाही. तापलेली हवा फुगून थोडी बाहेर पडली, उरलेली थंड होऊन आकसली, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लकच असतो.

डोळ्यांच्या पापणीआड निसटणारी गोष्ट चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवते. सातवीतली पोर गाईडकडे बोट दाखवून 'हे चूक आहे, हा पुरावा' असे म्हणू शकते. संविधानाच्या कलम ५१क मध्ये १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून आले. ते कर्तव्य याहून वेगळे काय आहे?

चित्रफितीत आणखी एक गोष्ट टिपली जाते : हात कोणाचे होते? एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून मुलांनी गलका केला, ही हकीकत बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेली आहे. आज तसा गलका होत नसेल. पण गट पाडले की 'हुशार' ठरलेला मुलगा काडी ओढतो, मुली वही लिहितात आणि आमचा पोरगा बादली भरून आणतो, शेवटी टेबल पुसतो, असे अजूनही बऱ्याचदा घडते. म्हणून कामे आळीपाळीने वाटून द्यावीत. काडी ओढणे, पट्टी वाचणे, चित्रण, नोंद आणि सफाई, प्रत्येकाच्या वाट्याला सगळे यावे. शिक्षकांनी चित्रफीत पाहताना ग्लासाबरोबर हातही पाहावेत.

पाच मुलांत एक मोबाइल पुरतो. इंटरनेट लागत नाही. पथ्ये मात्र पाळावीत. विस्तवाचा प्रयोग मोठ्यांच्या देखत करावा. सुरुवातीला पाटीवर तारीख लिहून दाखवावी. चित्रण मधे तोडू नये, फसलेला प्रयोग पुसून टाकू नये. तो का फसला तेही लिहावे. आणि मुलामुलींचे चेहरे गावभर फिरवू नयेत, चित्रण हातांचे व साहित्याचे असावे.

हे काम केवळ शाळेवर सोपवून भागणार नाही. विहारातील अभ्यासिका, युवक मंडळे, महिला मंडळे यांनी ते उचलावे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, १४ एप्रिलला जयंती. डीजेसाठी वर्गणी गोळा होते, तिच्यातून एका संध्याकाळचा पडदा नक्कीच निघेल. त्या पडद्यावर आपल्याच वस्तीतल्या पोरांनी केलेला प्रयोग दाखवा, आणि त्यांना पुढे उभे करून प्रश्न विचारा. 'कशावरून?' या प्रश्नाला पुराव्यासह उत्तर देणारी पोरे ज्या वस्तीत तयार होतील, त्या वस्तीला उद्या कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही.