बाळंतिणीच्या जेवणाची आगाऊ तरतूद

घरी नवे बाळ येणार असे कळले की जुन्या लुगड्यांची दुपटी होतात, माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो, नावांवरून गोड वादही झडतात. परंतु बाळाच्या आईने पहिला महिना-सव्वा महिना काय खावयाचे आणि ते रांधावयाचे कोणी, हा विचार बहुधा ती इस्पितळातून परत आल्यावरच सुरू होतो. पूर्वी याचे उत्तर घरातच असे. पहिलटकरीण माहेरी जाई. पुढच्या खेपेस जाऊ, आत्या, शेजारची काकू, कोणी ना कोणी चूल सांभाळी. आज बेळगाव-खानापूरकडील कित्येक घरांतील मुलगा आणि सून नोकरीपायी गोव्यास किंवा पुण्यास दोन खोल्यांत राहतात आणि गावी सासूबाई गुडघ्यांनी जेरीस आलेल्या असतात. अशा संसारात आठव्या-दहाव्या दिवशीच बाळंतीण पदर खोचून ओट्यापाशी उभी राहते. हा विषय धर्मगुरूच्या लेखणीचा नव्हे असे कोणास वाटेल. परंतु घरोघरी जाताना जे डोळ्यांस दिसते ते लिहिणे आम्हांस भाग आहे.

सव्वा महिन्याचा जुना नेम काही उगीच पडलेला नाही. गर्भाशय पूर्वस्थितीस येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात, असे वैद्यकशास्त्रही सांगते. दूध पाजणाऱ्या आईस पहिले सहा महिने नेहमीच्या आहाराहून दररोज सुमारे ६०० कॅलरी अधिक अन्न लागते, असा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० सालचा हिशेब आहे. म्हणजे ढोबळमानाने दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि वर एक लाडू. याउलट आपल्याकडे काही घरांत अजूनही तिला मऊ भात आणि तूप यांवरच ठेवतात; भाजी नको, फळ नको, पाणीदेखील मोजून! आईच्या दुधात शंभरातील सुमारे ८७ भाग पाणी असते. तिलाच तहानलेली ठेवून बाळास दूध कोठून मिळावे?

तयारीचा आरंभ आठवा महिना संपण्यापूर्वी व्हावा, कारण बाळ पंचांग पाहून येत नाही. आधी टिकाऊ वस्तू कराव्यात. डिंकाचे लाडू यांत पहिले. डिंक चांगला वाळलेला घ्यावा आणि मध्यम आचेवर तुपात थोडा थोडा टाकून तळावा. एकदम घाणा घातला तर वरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि मग दातांस चिकटतो. फुललेला दाणा फोडून पाहावा. तो आतपर्यंत पांढरा व ठिसूळ हवा. त्यात भाजलेले सुके खोबरे, खारकेची पूड, खसखस आणि गूळ. पाण्याचा हात लागला नाही, तर घट्ट झाकणाच्या डब्यात हे लाडू महिनाभर सहज राहतात. मेथीच्या लाडवांसाठी मेथीचे पीठ काही दिवस आधी तुपात भिजवून ठेवण्याची आपल्या आज्यांची युक्ती विसरू नये. कडूपणा बराच उतरतो.

अळिवाची गोष्ट निराळी. अळीव नारळाच्या पाण्यात भिजतो, त्यात ओले खोबरे पडते, मग गूळ घालून सारे आटवतात. ओल्या खोबऱ्यामुळे हे लाडू लवकर आंबतात. बाहेर दोन दिवसांवर ठेवू नयेत. फ्रीजमध्ये आठवडाभर ठीक राहतात. म्हणून ते थोडे थोडे करावेत, आणि बाळंतपणानंतरच. गरोदरपणी अळीव देऊ नये असा संकेत आहे, तो मोडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. ज्या भगिनीस गरोदरपणी मधुमेह निघाला असेल तिने मात्र कोणताही गुळाचा लाडू डॉक्टरांस विचारल्याशिवाय खाऊ नये, मग आग्रह करणारी सासू असो वा आई.

आता फ्रीझरविषयी. ज्या फ्रीजला फ्रीझरचे स्वतंत्र दार आहे आणि जेथे उणे १८ अंश थंडी राहते, तेथे शिजवलेले अन्न दोन-तीन महिने चवीसह राहते. एकाच दाराच्या लहान फ्रीजमधील बर्फाच्या कप्प्यात तितकी थंडी नसते. तेथे फार दिवसांचा भरवसा ठेवू नये. मसूर, मूग, मटकी यांच्या उसळी, कोंबडीचा रस्सा, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, खवलेला नारळ, आले-लसूण हे सारे चांगले टिकते. वाटण बर्फाच्या साच्यात गोठवून वड्या काढून ठेवल्या, तर दोन वड्यांत एका वेळची आमटी होते. बटाटा मात्र रवाळ होतो, उकडलेले अंडे चिवट होते, दही फुटते. एका जेवणापुरता एक डबा, झाकणावर पदार्थ आणि तारीख. तोंडाशी दोन बोटे जागा मोकळी, कारण गोठताना पाणी फुगते.

शिजलेले अन्न पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत थंडीत जावे. काढल्यावर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यावे, खळखळून उकळावे आणि उरलेले पुन्हा गोठवू नये. भात ताजाच करावा. शिळ्या भातातील जंतूंचे विष उकळूनही जात नाही.

आमच्या भागातील विजेचा लहरी स्वभाव वाचकांस ठाऊक आहेच. फ्रीझर गच्च भरलेला असेल आणि दार उघडले नाही, तर दोन दिवस थंडी धरतो. अर्धा असेल तर एक दिवस. एक साधी परीक्षा सांगतो. वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परगावाहून परतल्यावर नाणे तळाशी गोठलेले दिसले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले असे समजावे व ते अन्न टाकून द्यावे. हळहळ वाटेल, पण बाळंतिणीच्या पोटात ते जाता कामा नये.

हे सारे करावयाचे कोणी? नवव्या महिन्यातील बाईने तासभर कढईपुढे उभे राहावे, असे आम्ही सुचवीत नाही. भाजणे, कुटणे, डबे भरणे ही कामे नवऱ्यास येण्यासारखी आहेत, आणि लोहाच्या गोळ्यांची आठवणही त्यानेच ठेवावी. त्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यावयाच्या असतात, व चहाबरोबर घेऊ नयेत. कर्नाटक सरकारने २०१७ साली मातृपूर्ण योजना काढली, तेव्हा गरोदर व स्तनदा मातांनी अंगणवाडीत येऊन गरम जेवण घ्यावे अशी कल्पना होती. हेतू उत्तम, पण दहा दिवसांची ओली बाळंतीण तान्ह्यास घेऊन चिखलातून कशी जाणार, हे वाडीतील कोणतीही बाई सांगू शकली असती. अन्न तिच्या दारी गेले पाहिजे.

ते काम शेजाऱ्यांचे. पाच घरांनी एकेक वार वाटून घेतला, तरी कोणावर भार पडत नाही. फक्त एक करावे. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये अशी आपली रीत आहे, आणि त्या संकोचाने बाळंतीण डबा भरण्यासाठी पुन्हा चुलीशी जाते. म्हणून डबा देतानाच सांगून टाकावे, हा बाप्तिस्म्याच्या दिवसापर्यंत तुमच्याकडेच राहू द्या, तेव्हा आम्ही येऊन घेऊन जाऊ.