ऑटोकॅडमधला चौकोन दिसतो बंद, पण असतो का?

स्क्रीनवर चार रेषा जोडलेल्या दिसतात. झूम केलं की कोपऱ्यात बारीक फट सापडते. हाताने काढलेल्या कागदावर ती चालून जाते, ऑटोकॅडमध्ये नाही. कारण इथे प्रत्येक रेषा म्हणजे तिच्या दोन टोकांचे आकडे. ते जुळले नाहीत, तर आकार उघडाच राहतो. मग हॅच भरताना अडचण येते, आणि हीच फाइल लेझर कटिंगला गेली तर पत्रा वाया जाऊ शकतो.

मग काय करायचं?

▪ 'एफ३' दाबून ऑब्जेक्ट स्नॅप सुरू ठेवा. कर्सर रेषेचं नेमकं टोक पकडतो.

▪ 'एफ८' दाबलं की ऑर्थो सुरू होतो. रेषा आडवी किंवा उभीच जाते.

▪ लाइन कमांडमध्ये शेवटची बाजू अंदाजाने जोडू नका. 'सी' टाइप करून एंटर दाबा, आकार बंद होतो.

▪ आयतासाठी 'आरईसी' कमांड आहे. पहिला कोपरा क्लिक करा, '@५०,३०' टाइप करून एंटर दाबा. ५० बाय ३०चा आयत तयार.

चार सुट्या रेषांपेक्षा हा आयत सोयीचा, कारण तो एकच ऑब्जेक्ट असतो. हलवताना एखादी बाजू मागे राहत नाही.